चातुर्मासातला गंधक

कांदेनवमीला भजी, थालीपीठं, भरले कांदे असा निरोपसमारंभ उरकला, की डोंबिवलीतले एक निवृत्त काका चार महिने कांदा-लसणाचं नाव काढत नाहीत. यंदा मात्र आषाढीच्या साबुदाण्याच्या खिचडीवर त्यांनी एक कॅप्सूल गिळली. गुडघ्यांसाठी. डबीवर भारदस्त नाव: मिथाइलसल्फोनिलमिथेन, थोडक्यात एमएसएम.

"अहो, यात गंधकच आहे की!" काकूंनी बारीक अक्षरं वाचली.

"असेना! वास येतोय का?"

खरंच येत नाही. एमएसएमचा थोरला भाऊ डीएमएसओ मात्र चहाडखोर. लाकडाच्या लगद्यातून कागद करताना निघणाऱ्या पदार्थांपासून तो बनतो. 1960च्या दशकात ओरेगनचे डॉक्टर स्टॅनले जेकब यांनी तो औषध म्हणून पुढे आणला. कातडीला चोळला तरी थोड्या वेळात तोंडाला लसणाचा वास! त्यामुळे चाचणीत खरं औषध कुणाला मिळालं, हे शेजारी बसणाऱ्यालाही कळायचं.

गंधक शरीराला हवाच. सत्तर किलोच्या माणसात तो सुमारे 140 ग्रॅम असतो. केस जळल्यावर जी घाण सुटते ती त्याचीच. पण 'रोज इतका गंधक खा' असं वेगळं प्रमाण कुणी ठरवलेलं नाही, कारण तो मुख्यतः मेथिओनिन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांतून, म्हणजे प्रथिनांबरोबरच येतो. डाळीत मेथिओनिन कमी पडतं, ती उणीव भात-भाकरी आणि तिळाची चटणी भरून काढतात. अंडं खाणाऱ्याला तर काळजीच नको. आणि काकूंच्या बिनलसणाच्या आमटीतला हिंग? त्याचा उग्र दर्प गंधकाच्या संयुगांचाच. काळ्या मिठाचाही तसाच. एवढं कडक व्रत, पण गंधक काही घराबाहेर पडायला तयार नाही.

राहिले गुडघे. छोट्या चाचण्यांत रोज काही ग्रॅम एमएसएम बारा आठवडे घेतलेल्यांचं दुखणं थोडं उतरलेलं दिसलं. झिजलेली कूर्चा त्याने भरून येते, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. जाहिरातीतले आजोबा जिने चढतात, ते आपल्या जबाबदारीवर.

कार्तिकीनंतर लसणाच्या कॅप्सूल सुरू करायचा काकांचा बेत आहे. ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात आणि लसणाचा अर्क त्याच कामात भर घालू शकतो. तुमच्याही घरी असे काका असतील, तर सील फोडण्याआधी डबी डॉक्टरांना दाखवून आणा.