फुटक्या प्लेटचे वैद्य

आमच्या माजलगाव तालुक्यातल्या वानरांचं नाव जगभर झालं ते डिसेंबर 2021 मध्ये. लवूळ गावात ती कुत्र्यांची पिल्लं उचलून घरांवर, झाडांवर नेत होती. मेलेल्या पिल्लांचा आकडा बातम्यांनी अडीचशेपर्यंत चढवला. मोजायला कोण गेलं होतं कोण जाणे. शेवटी वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली. नेली ती दोनच. बाकीची आमच्या गच्चीवर असतात.

त्यांतल्याच एकानं पाण्याच्या टाकीवरची वीट ढकलली आणि खालची सोलरची प्लेट फुटली. म्हणजे फुटली खरी, पण सांडली नाही. सव्वातीन मिलिमीटरची कडक काच. एका फटक्यात कडेपर्यंत जाळं विणलं गेलं, तरी खालच्या चिकट थराला धरून तुकडे जागच्या जागी. वर कहर म्हणजे वीज चालूच!

"मग काय बिघडलं? नुसती काच बदल," शेजारचे अण्णा म्हणाले. अण्णांनी आयुष्यात काहीही टाकून दिलेलं नाही. त्यांच्या मोटरसायकलीत मूळचा म्हणावा असा फक्त नंबर उरलाय. मेहुण्यानं एमसील सुचवलं. पाहुण्यांपैकी कुणी पारदर्शक रेझिन ओतायला सांगितलं, हॉटेलातल्या टेबलावर ओततात तसं.

सोलरवाला पोरगा आला. म्हणाला, "काका, सेल कागदासारखे पातळ, काचेलाच चिकटवलेले. काच काढली की ते पण येणार. प्लेटच बदला. पाऊस आत शिरला की करंट फ्रेमला उतरंल."

"पंचवीस वर्षांची गॅरंटी आहे ना?"

"ती वीज देण्याची हाय. वानराची नाही."

कारखान्यात म्हणे 25 मिलिमीटरची बर्फाची गोळी ताशी 83 किलोमीटर वेगानं प्लेटवर मारून बघतात. फेब्रुवारी 2018 मध्ये बीड-जालन्याकडे झालेली गारपीट बघितलेल्या माणसाला ही परीक्षा जरा सोपीच वाटेल. त्यात विटेचा तर प्रश्नच नाही.

शेवटी नवी प्लेट मागवली. ती येईपर्यंत दव पडलं की इन्व्हर्टर सकाळी लाल दिवा दाखवून बसायचा आणि ऊन तापलं, प्लेट वाळली, की कामाला लागायचा. पंचायत समितीतला बाबूच! प्लेट उतरवायच्या दिवशी पोरानं खटका पाडला आणि गोधडी मागितली. खटका पाडला तरी ऊन आहे तोवर प्लेटा वीज करतच राहतात. सूर्याला मेन स्विच नाही. आईनं गोधडी दिली नाही, शेतातली ताडपत्री दिली.

नव्या प्लेटचं वेगळंच. जुन्या मापाची आता निघत नाही. नवी वीतभर लांब. सांगाडा कापून, वाढवून ती बसवली. जुनी अण्णांनी मागून नेली. रेझिन ओतलं, बॅटरीला जोडली, आणि गोठ्यात दिवा लागला. तेव्हापासून अण्णा गल्लीत मला 'उधळ्या' म्हणतात. मी मृगाची वाट बघतोय.