बर्णबाकाका

प्रत्येक मराठी मंडळीत हिशेब तपासणारा एक असतो, पेटीला कुणाला हात लावू न देणारा एक असतो आणि पाळकसाहेबांना उत्तेजन देणारा एक असतो. पहिले दोघे पाळकांच्या वाट्याला येतात. तिसऱ्याच्या वाट्याला पाळक येतात.

आमच्या नगरकडच्या मंडळीतल्या या तिसऱ्याला सगळे बर्णबाकाका म्हणतात. मूळचा बर्णबा कुप्र बेटावरचा लेवी, नाव योसेफ. लोकांना धीर देण्याच्या स्वभावावरून प्रेषितांनी त्याला बर्णबा केलं. त्यानं आपलं शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवले होते. काकांचं दीड एकर अजून भावकीच्या वादात अडकलेलं आहे, त्यामुळे ते बाकीच्या मार्गांनी धीर देतात.

काका एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीनंतर माइक गेला, आवाज राहिला. उपासनेनंतर दारात पाळकांचा हात धरून ते म्हणणार, "पाळकसाहेब, आजचा संदेश माझ्यासाठीच होता." व्यभिचारावर संदेश झाला तरी हेच. संदेशभर घोरले तरी हेच. पहाटे पाच वाजता पाळकांच्या फोनवर उगवता सूर्य, कमळ आणि खाली वचन. पाळकांच्या घरची बेल रात्री नऊनंतर वाजली तर तक्रार आली असं समजायचा आमच्याकडे प्रघात आहे. कुणाला कमिटीतून काढलं, कुणाच्या लग्नात कुणाला प्रार्थना करायला सांगितलं नाही, वगैरे. काकांची बेलही रात्री नऊनंतरच वाजते. पण ते नुसते येतात, बसतात, "दमलात का?" विचारतात, आणि पाळक उत्तर देण्याआधी "दमायचं नाही" असंही सांगतात. मग अकरापर्यंत बसतात.

त्यांच्या उत्तेजनाची खरी ताकद मला वार्षिक सभेत कळली. विषय चर्चच्या छपराचा होता. प्रश्न माझाच होता (पहिल्या प्रकारात मी मोडतो) आणि तो रास्तच होता. बिलातले चार पत्रे मला आजतागायत छपरावर सापडलेले नाहीत. पाळकसाहेब लालबुंद होऊन उभे, मागून दोघा-तिघांनी आवाज चढवलेला, आणि काका उठले. "एकच मिनिट," म्हणाले. सुरुवात त्यांनी १८३१ सालापासून केली. अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरला कशी आली, त्यांनी कशा हालअपेष्टा काढल्या. १८४२ला 'ज्ञानोदय' निघेपर्यंत बायकांनी पिशव्या आवरल्या, कारण घरी मटण शिजायचं होतं. काका पंडिता रमाबाईंवरून केडगावला जाऊन आले. १८९५ साली नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा होईपर्यंत गणपूर्ती मोडली होती. सभा तहकूब झाली. पाळकसाहेब वाचले. पत्रे राहिले.

म्हणून, थकलेल्या पाळकांसाठी तीन दिवसांचं उत्तेजन शिबिर घ्यायचं ठरलं तेव्हा जागा शोधायचं काम आपोआप काकांकडे गेलं. त्यांनी हरिहरेश्वर काढलं. कमिटीत कुजबुज झाली. दक्षिण काशी म्हणतात त्या गावाला, शंकराचं देवस्थान, काळभैरवाचं देऊळ. पाळकांचं शिबिर तिथे कसं? काका म्हणाले, "समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते दाखवा, मग बोलू." विषय संपला. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत टेंपो ट्रॅव्हलर निघाली. घाटात तीन पाळकांना उलट्या झाल्या. काकांनी तिघांनाही योनाची आठवण करून दिली.

उतरायची सोय देवळाजवळच्या एका घरगुती खाणावळीत होती. स्वस्त होती, एवढ्यावरून मी शंका घ्यायला हवी होती. पहिल्या रात्री पानात वालाचं बिरडं, आमटी, भात, सोलकढी. नगरपासून सुरमईची स्वप्नं बघत आलेले पाळक एकमेकांकडे बघू लागले. मालकीणबाई वाढता वाढता म्हणाल्या, "आमच्याकडे मासळी नाही हो चालत. काकांना फोनवरच सांगितलं होतं." सगळ्या माना काकांकडे वळल्या. काका शांतपणे बिरडं कालवत होते. "दानिएलानं दहा दिवस नुसती भाजी आणि पाणी घेतलं," ते म्हणाले, "आणि राजाच्या पंक्तीतल्यांपेक्षा तोच धष्टपुष्ट दिसला. आपले तर तीनच दिवस." कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक आले तेव्हा मात्र दानिएलाची बाजू बरीच सावरली.

देवळामागून खडकांतून कोरलेल्या पायऱ्या उतरून प्रदक्षिणेची वाट समुद्राकाठानं जाते. लाटांनी तो सगळा कातळ पोखरून त्याची जाळी केली आहे. भरतीला तिथे उतरू नये, असं गावातला प्रत्येक माणूस न विचारता सांगतो, आणि ते ऐकावं. काकांनी समुद्राचं वेळापत्रक विचारून घेतलं. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे कळल्यावर त्यांना समाधान वाटलं. "उशीर ठरलेला असला की तक्रार राहत नाही," म्हणाले, आणि ओहोटीच्या वेळा खडूनं खाणावळीच्या पाटीवर, मोदकांच्या भावाखाली लिहून टाकल्या.

उत्तेजनाचं मुख्य सत्र त्यांनी बागमांडल्याच्या जेटीवर घेतलं. समोर सावित्रीचं मुख, पलीकडे बाणकोट. फेरीबोट मोटारी भरून वेश्वीकडे निघाली होती. काकांनी बाणकोटकडे बोट केलं. तो किल्ला इंग्रजांनी आंग्र्यांकडून घेतला, त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीनं आपलं पश्चिम भारतातलं काम मांडलं ते याच बाणकोटात. पहिले आले डोनाल्ड मिचेल. इथवर पाळकमंडळी सरसावून बसली होती. "आणि वर्ष सरायच्या आत वारले," काका म्हणाले. "मग आणखी आले. शाळा काढल्या, मराठी शिकले. १८२९ला जॉन विल्सनसाहेब हर्णैला राहून मराठी शिकले. पण इथं मंडळी म्हणाल तर उभी राहिली नाही. शेवटी मिशननं पुण्या-मुंबईची वाट धरली. आणि तुम्ही उपासनेला चाळीसच माणसं येतात म्हणून रडता!"

यावर वातावरण सावरायला चहा मागवावा लागला. एक ज्येष्ठ पाळक हळूच मला म्हणाले, "हे उत्तेजन असेल तर निराशा कशी असते?" पण खरं सांगायचं तर त्या माहितीनं त्यांचाच चेहरा सगळ्यांत आधी निवळला. कुणीतरी विचारलं, "मिचेलसाहेबांना पगार वेळेवर यायचा का हो?" आणि तिथून पाळक पहिल्यांदा मोकळं बोलायला लागले. तोवर तीन तास 'आत्मिक वाढ' हा विषय फळ्यावरच होता.

पाळकांत सगळ्यांत धाकटा एक होता. तीन गावच्या मंडळ्या एकट्यानं सांभाळणारा. रविवारी मोटारसायकलवर तीन उपासना, तिन्ही ठिकाणी तोच संदेश आणि तिन्ही ठिकाणी वेगळी तक्रार. तो संध्याकाळच्या सत्रात सतरंजीवर आडवा झाला आणि गाढ झोपला. मी त्याला हलवायला गेलो, कारण माणशी खर्च मी भरला होता. काकांनी माझा हात धरला. "युतुख पौलाच्या भाषणात झोपला तो तिसऱ्या मजल्यावरून पडला," ते कुजबुजले, अर्थात सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हा जमिनीवरच आहे. पडून पडणार कुठं?" मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी मालकीणबाईंना सांगितलं, याचं पान झाकून ठेवा. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला होता, तेव्हा देवदूतानं त्याला आधी निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत जेवू घातलं. होरेबाची चढण त्यानंतर. हे काकांनी बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, पण साडेनवाला मी चूल बंद करते."

काका कुणावर रागवतच नाहीत असं मात्र नाही. मूळ बर्णबाचंही पौलाशी मार्कावरून फिसकटलंच. मार्क पंफुल्यातून काम अर्धवट सोडून गेला होता. पौल म्हणाला याला परत नेणार नाही, बर्णबा म्हणाला नेणार, आणि दोघांनी दोन वाटा धरल्या. आमच्याकडे कीबोर्ड वाजवणारा पोरगा नाताळच्या तालमी ऐन रंगात असताना गायब झाला. पाळकसाहेब म्हणाले, परत दारात नको. काका म्हणाले, पोर आहे, येऊ द्या. काकांनी पाळकांना कित्येक आठवडे 'जय ख्रिस्त' घातला नाही. पहाटेचं वचन मात्र चुकलं नाही. फक्त उगवत्या सूर्याच्या जागी मावळता येऊ लागला. पोरगा आता परत वाजवतो. गीतापेक्षा दोन मात्रा पुढे असतो, तेवढं चालवून घेतो आम्ही.

निघायच्या दिवशी गाडी भरली, काकांचा पत्ता नाही. मालकीणबाईंच्या मुलाला खाणावळ सोडून पुण्याला नोकरी धरायची होती, आणि काका त्याला धीर देत होते. जायला की राहायला, ते कळत नव्हतं. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. शेवटी धाकट्या पाळकाला त्यांना आणायला पाठवलं, तर तोही तिकडेच राहिला. मग मी उतरलो. ओट्यावर तिघे चहा पीत होते. बोलत होता तो धाकटा पाळक: मोटारसायकलवरून तीन गावं फिरताना मधल्या वाटेत त्याला स्वतःला पळून जावंसं कुठं वाटतं, कोणत्या फाट्यावर, आणि तिथं तो काय करतो. मुलगा कप हातात तसाच धरून ऐकत होता. काकांनी मला बघून बोट ओठांवर ठेवलं. "थांबा जरा," म्हणाले, "हा संदेश माझ्यासाठीच आहे."

मलाही एक कप घ्यावा लागला. तो चहा धरून जादाचे चार कप झाले. मी ते 'इतर खर्च' खाली टाकलेत. वार्षिक सभेत कुणीतरी विचारीलच.