झोपेला अस्मान दाखवा!

पैलवान, तुमच्या खुराकाचा हिशोब चोख आहे. बदाम मोजून, दूध मापून, तूप आईच्या नजरेसमोर. झोप तेवढी बिनमापाची. फुकट मिळणाऱ्या वस्तूला खुराक कोण म्हणणार? तेव्हा मंद्रूपच्या नवशिक्या पठ्ठ्यांनी ती पाडायची कशी, ते नीट शिकून घ्यावं.

१. पहाटे चारला उठा. जुन्या वस्तादांचा हा दंडकच होता. ते रात्री लवकर आडवे व्हायचे आणि दुपारच्या जेवणावर पुन्हा ताणून द्यायचे, तो भाग सोडून द्या. गजर तेवढा घ्या.

२. अंथरुणात पडल्यावर मोबाइल काढा. शड्डूचे रील बघा, स्वतःचाही टाका, लाईक मोजा. पडद्याच्या उजेडानं मेंदूला दिवस वाटत राहतो. बाराच्या ठोक्याला कुणाचा तरी वाढदिवस असतोच. विजापूर रोडच्या ढाब्यावर केक कापायला जा. पैलवान नसला की फोटोला वजन येत नाही. परत आल्यावर मालट्रकांचे हॉर्न आहेतच सोबतीला.

३. गाढ झोप कटाक्षानं टाळा. जोर-बैठकांनी दमलेले स्नायू सांधण्याचं बरंचसं काम रात्री चालतं, वाढीचं संप्रेरकही गाढ झोपेतच भरपूर सुटतं. पण त्यात खर्च काहीच नाही, म्हणजे मानही नाही. पावडरचा महागडा डबा आणा. डब्यावरचा गडी बघा, किती टवटवीत! त्याला झोप मिळत असावी.

४. कुणी अभ्यास दाखवला तर डगमगू नका. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बास्केटबॉलपटूंना रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं. ते आधीपेक्षा वेगानं धावले, नेमही सुधारला. २०११ साली हे छापून आलं. म्हणा, ती उंच माणसं. त्यांना झोप जास्त लागते.

५. वजन रात्रीच उतरवा. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये विनेश फोगाट अंतिम लढतीच्या आदल्या रात्री झोपल्याच नाहीत. घाम गाळला, केस कापले, तरी सकाळी ५० किलोवर १०० ग्रॅम भरले. त्यांच्यापुढे काटा होता. आपल्या जत्रेत जोड डोळ्यांनीच लावतात. तरीही तुम्ही स्वेटर घालून रात्रभर पळा. काटा नाही म्हणून हौस सोडायची का?

६. जत्रेत आदल्या रात्री पालखी, दारूकाम, ऑर्केस्ट्रा, काहीही चुकवू नका. दुसऱ्या दिवशी उन्हात हलगी कडाडते, तुमचं नाव पुकारलं जातं आणि नेमकी जांभई येते. घाबरू नका. तोंड वर करून ‘बजरंगबली की जय’ म्हणा. जबडा तेवढाच उघडतो.

७. खाशाबा जाधवांचा दाखला पाठ ठेवा. १९५२ साली हेलसिंकीत त्यांना दोन कुस्त्यांमध्ये हक्काची विश्रांतीही मिळाली नाही, तरी कांस्यपदक आणलं! त्यांची विश्रांती इतरांनी हिरावली होती, तुम्ही आपल्या हातानं सोडताय, एवढं बारीक कुणी विचारत नाही.

८. चितपट झालात तर माती जड होती म्हणा, जोड मोठी दिली म्हणा, पंचांकडे बोट दाखवा. झोपेचं नाव मात्र काढू नका. नाहीतर वस्ताद आजपासूनच नऊला दिवा मालवतील, आणि तिकडे ग्रुपवर केकचा फोटो येऊन पडलाय.