मागून ढकलणारं इंजिन

तिगाव सोडलं की चिचोंड्याकडे रेल्वेला घाट लागतो. लांबलचक मालगाडी पुढच्या इंजिनाच्या जोरावर तो चढत नाही. मागून आणखी एक इंजिन ढकलतं, रेल्वेवाले त्याला बँकर म्हणतात. त्याची वीज, त्याच्या ड्रायव्हरचा पगार, सगळं हिशेबात असतं. ‘मागचं तुमच्या घरच्यांनी बघून घ्या’ असं रेल्वेनं मालगाडीला अजून तरी सांगितलेलं नाही.

दिव्यांगांच्या बाबतीत सरकार नेमकं हेच सांगतं, फक्त मंडप घालून. शिबिरात कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची तीनचाकी येते, हार येतात, मग फोटो. फोटोत गाडीला पाच-सहा साहेबांचे हात लागलेले असतात. एवढे हात त्या गाडीला पुन्हा जन्मात लागत नाहीत.

“गाडी त भेटली बाप्पा, पन त्याले तिच्यात बसवन कोन?” हा तिगावच्या एका खाटेवरच्या पोराच्या मायचा प्रश्न फोटोनंतरचा, म्हणून तो कुणी टिपून घेत नाही. ओसरीला दोन पायऱ्या, मधे उंबरठा, बाहेर काळी माती. पावसाळ्यात चाक रुतलं की गाडी ओसरीवर चढते आणि तिच्यावर संत्र्याची रिकामी कॅरेटं. सरकारी भाषेत उपकरण वापरात आहे!

आणि माय? पोराचे हात गळ्यात घ्यायचे, त्याच्या गुडघ्याला आपला गुडघा लावायचा, दम धरून एका झटक्यात खाटेवरून खुर्चीत फिरवायचं. मग न्हाणी, मग परत खाट. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते. पोरगा तिशीचा, माय साठीची. त्याचं वजन वाढतंय आणि तिची कंबर चाललीय. तिला सुट्टी नाही, बदली माणूस नाही, तिच्या या कामाचा दामही नाही.

दाम सरकारला ठाऊक नाही असं समजू नका. नोकरीपायी शंभर टक्के अपंगत्व येऊन घरी बसलेल्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मदतनिसासाठी वेगळा भत्ता आहे; २०१७ मध्ये तो महिना ६७५० रुपये झाला. तिगावच्या पोराला मध्य प्रदेश सरकारची पेन्शन ६०० रुपये. कूस बदलायला माणूस दोघांनाही लागतो, पण एकाची कूस सरकारी आहे.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर याहून मजेदार. कलम २४ म्हणतं, जास्त आधार लागणाऱ्यांना काळजीवाहकाचा भत्ता द्या. तेच कलम म्हणतं, अशा योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त द्या. मध्य प्रदेशात विधवेला ६००, म्हाताऱ्याला ६००, दिव्यांगालाही ६००. सव्वापट म्हणजे ७५० होतात, हे गणित चौथीतल्या पोरालाही येतं. पण त्याच कलमात ‘सरकारच्या आर्थिक कुवतीनुसार’ अशीही एक फट आहे. कुवत बरोबर मंडपाच्या बिलापर्यंत पुरते. केरळात आश्वासकिरणम् योजनेत सांभाळणाऱ्या माणसाला महिना ६०० रुपये ठरलेत. रक्कम फार नाही, पण सांभाळणारा कागदावर तरी आला.

आमच्याकडे कागदावर येतात ते जखमी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा असते. अँब्युलन्स, डॉक्टर, पोलीस, वर ड्रोन. दगड लागला की हजर माणसं! एवढी तयारी बघून परक्याला वाटेल, मोडलेल्या पायाची आपल्याकडे केवढी कदर. तीच अँब्युलन्स एरवी खाटेवरच्या पोराला तपासणीसाठी न्यायला मागून बघा.

५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसरही त्यातच. जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणाची, छिंदवाड्याची पायपीट वाचेल असं सगळ्यांनी सांगितलं. पायपीट ज्याला पाय आहेत त्याची. बाकीच्यांनी जीप ठरवायची, चालकाला चार हात लावायची विनंती करायची आणि जिल्ह्याला जाऊन उरलेले दीडशे मागायचे. जीपचं भाडं अर्थातच ६०० तून.