एजीवाले काका

इंदरगंज चौराह्यावरून जुन्या हायकोर्टाच्या बाजूला वळलं की दोन-चार गल्ल्यांत एखादं तरी मराठी घर सापडतंच, आणि त्या घरात बहुधा एक एजीवाले काका सापडतात. एजी म्हणजे महालेखाकारांचं कार्यालय. १९५६ साली मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, हायकोर्टाचं मुख्य पीठ जबलपूरला गेलं. तोवर मध्य भारताची हिवाळी राजधानी म्हणून मिरवणाऱ्या ग्वाल्हेरची समजूत काढायला एजी ऑफिस, रेव्हेन्यू बोर्ड, एक्साइज अशी खाती इथं देण्यात आली. शिंद्यांच्या लष्कराबरोबर आलेल्या घराण्यांनी तलवारी केव्हाच माळ्यावर टाकल्या होत्या. नातवंडा-पतवंडांनी लाल-निळी पेन्सिल हातात घेतली आणि पूर्वजांपेक्षा जास्त माणसं घायाळ केली.

निवृत्त झाल्यावर काकांना तपासायला फारसं काही उरत नाही. दूधवाल्याची डायरी, विजेचं बिल, काकूंनी दाल बाजारातून आणलेल्या तुरीचं वजन, एवढ्यावर कसाबसा जानेवारी निघतो. मग बोर्डाची परीक्षा तोंडावर येते आणि बारावीची पोरं इंग्रजीचं पुस्तक घेऊन ओसरीवर हजर होतात. फिजिक्स-केमिस्ट्रीला लक्ष्मीबाई कॉलनीतलं कोचिंग असतं. इंग्रजीला मात्र काका, कारण काकांचं ड्राफ्टिंग चांगलं, असं सगळ्या मोहल्ल्यात बोललं जातं.

कवितेशी काकांचं नातं तांब्यांपाशी संपतं. राजकवी भा. रा. तांबे १९४१ साली याच ग्वाल्हेरात वारले, हे काका अशा स्वरात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनी खांदा दिला होता. तांब्यांचं यमक जुळतं, चाल लागते, ‘दोन्ही बाजूंची बेरीज बरोबर येते.’ हिंदी कवी मुक्तिबोधांचा अभिमान आहे, श्योपूरचे म्हणजे आपल्याच संस्थानातले, घरात मराठी बोलणारे. पण ‘अंधेरे में’ काकांनी एकदाच उघडली आणि हळूच मिटली. “ते एकट्याचं काम नाही. पार्टी पाठवावी लागेल, कमीत कमी तीन आठवड्यांची टूर.”

बारावीच्या पुस्तकातल्या कवींवरही शेरे तयार असतात. कमला दास यांनी आईवरची अख्खी कविता एका वाक्यात लिहिली आहे, पूर्णविराम थेट शेवटी. असा ड्राफ्ट आमच्या सेक्शनमधून परत आला असता, म्हणतात. नेरुदांवर जरा मर्जी आहे, कारण ते सुरुवातीलाच बारापर्यंत मोजायला सांगतात. निदान आकडा तरी दिला माणसानं!

यंदा समोरच्या माडीवरची मुलगी ‘आंट जेनिफर्स टायगर्स’ घेऊन आली. एड्रियन रिच यांची ही कविता १९५१ची, पहिल्याच संग्रहातली. बाई तेव्हा विशी नुकत्याच ओलांडलेल्या, आणि संग्रह निवडणारा ऑडेनसारखा कवी. ओळी फक्त बारा. एक काकू भरतकाम करून वाघ काढतात. वाघ बिनधास्त हिंडतात, झाडाखालच्या माणसांना भीत नाहीत. काकूंची बोटं मात्र थरथरतात, सुई ओढवत नाही, हातावर नवऱ्याची अंगठी जड होऊन बसली आहे. पुढे काकू मरतील तेव्हाही त्यांचे हात भ्यालेलेच असतील आणि वाघ तसेच दिमाखात चालत राहतील.

कोचिंगवाल्यांनी हिचा अर्थ चार ओळींत बांधून दिला होता: पितृसत्ता, दमन, प्रतीक, मुक्तीची आस. मुलीनं तो एका दमात म्हणून दाखवला.

“व्हाउचर?” काका म्हणाले.

“अं?”

“पितृसत्ता म्हणतेस ना, ती कुठल्या ओळीत आहे? दाखव.”

मग हाफ मार्जिन निघाला. वही उभी दुमडायची, डाव्या अर्ध्या भागात आक्षेप लिहायचा, उजवा अर्धा भाग संबंधित कार्यालयाच्या खुलाशासाठी सोडायचा. इथं संबंधित कार्यालय अमेरिकेत, तेही २०१२ साली वारलेलं, म्हणून खुलासा मुलीनं द्यायचा. पहिला आक्षेप असा: भरायला वाघच का घेतले? आमच्या घरात तर मोर आहे. (आहेच. बैठकीत काचेच्या फ्रेममध्ये, काकूंनी माहेरी भरलेला, एका डोळ्यानं जरा तिरळा.)

मुलगी पुस्तकात डोकं घालून बसली. कोचिंगच्या नोट्समध्ये हा प्रश्नच नव्हता. बऱ्याच वेळानं म्हणाली, “काका, वाघ माणसांना भीत नाहीत असं इथं लिहिलंय. आणि लगेच पुढच्या कडव्यात काकूंची बोटं थरथरून राहिलीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे काकूंकडे जे नाही, ते त्यांनी वाघांना देऊन टाकलं.”

“एका खात्यात शिल्लक शून्य, दुसऱ्यात जमा.” काकांनी निळी खूण केली. “हां, हे चालेल. पॅरा ड्रॉप.”

मला विचाराल तर वर्गात कविता समजावताना गहिवरणाऱ्या शिक्षकांपेक्षा हा माणूस बरा. नवी कविता भक्तिभावानं वाचणाऱ्याला ती काही देत नाही. हिच्यात काहीतरी गडबड आहे, अशा खात्रीनं बसणाऱ्याला मात्र दोन-चार गोष्टी सापडतात. काकांना कविता आवडत नाही, आणि म्हणूनच ते तिचा शब्दही सोडत नाहीत.

अडलं ते अंगठीपाशी.

“जड म्हणजे किती जड? सोन्याची अंगठी, फार तर अर्धा तोळा. अर्ध्या तोळ्यानं सुई ओढवत नाही? आकडा फुगवलाय.”

“वजन अंगठीचं नाही हो काका.”

“मग कुणाचं? त्या मिस्टरांचं? त्यांचा जबाब कुठाय? बारा ओळींत माणसाला एक शब्द बोलू दिलेला नाही. एकतर्फी रिपोर्ट आहे हा.” काकांचा आवाज चढला. परदेशातल्या, कवितेतल्या, कधी न पाहिलेल्या त्या गृहस्थाची बाजू ते अशी तावातावानं लढवू लागले की मुलीनं वही मिटायला घेतली. बोर्डाच्या पेपरात उताऱ्यावर मोजकेच गुण, आणि इथं खटला उभा राहिलेला.

काकू मटार सोलत दारात बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “भरताना अंगठी काढून ठेवतात गं. दोरा अडकतो. त्या बाईनं का नाही काढली, ते लिही.”

मुलीनं वही परत उघडली आणि उजव्या भागात भराभर लिहायला लागली. काकांची पेन्सिल हवेतच राहिली.

“तू काढतेस?” त्यांनी विचारलं.

“साखरपुड्याची ना? ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी काढून ठेवली.”

काकांनी चष्मा नाकावर नीट बसवून काकूंच्या हाताकडे पाहिलं. छत्तीस वर्षं सरकारी तिजोऱ्यांतली पै न् पै हुडकलेल्या माणसाला ही तूट पहिल्यांदाच दिसत होती.

“मग आहे कुठं ती?”

“बँकेच्या लॉकरात,” काकू म्हणाल्या. “पावती आहे. दाखवू?”