गाडी नंतर, आधी मालक बघा

दहा-बारा वर्षांची बीएमडब्ल्यू थ्री सिरीज आज नव्या होंडा सिटीच्या पैशांत मिळते. तेवढीच जुनी ऑडी ए-फोर त्याहूनही खाली उतरते. जुन्या गाड्यांच्या मोठ्या दुकानात अशी एखादी जर्मन सेदान पॉलिश मारून पुढच्याच रांगेत उभी केलेली असते. विकणाऱ्याची तीन वाक्यं तयार असतात. डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल ओनर आहे, रनिंग फक्त पन्नास हजार. ही तिन्ही वाक्यं बाजूला ठेवा आणि पहिल्या दिवसापासूनचं सर्व्हिस रेकॉर्ड मागा. ते नसेल तर बॉनेटही उघडू नका.

ही हौस मला मनापासून पटते. 1985 मध्ये मेलबर्नच्या मैदानावर मुंबईच्या रवी शास्त्रीला ऑडी 100 मिळाली आणि सगळा संघ तिच्यावर चढला. ते दृश्य टीव्हीवर बघितलेली पिढी आता साठीकडे आली आहे. 2010 मध्ये औरंगाबादच्या उद्योजकांनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेव्हा मराठवाड्यातल्या शाळकरी पोरांनी मान वळवून त्या पाहिल्या. चांगली गाडी चालवावी असं वाटण्यात उधळेपणा काही नाही.

आणि गाडी खरंच चांगली आहे. 2012 साली आपल्याकडे आलेली एफ-30 पिढीची 320डी घ्या. दोन लिटरचं डिझेल, 184 हॉर्सपॉवर, 380 न्यूटन-मीटर टॉर्क, झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक आणि ताकद मागच्या चाकांना. पुढची चाकं फक्त वळण्याचं काम करतात, त्यामुळे स्टिअरिंग हातात स्वच्छ बोलतं. आंबा घाटाच्या वळणांवर ही गाडी जे समाधान देते ते त्याच पैशांतली कुठलीही नवी एसयूव्ही देणार नाही. ज्याला गाडी चालवायला आवडते, त्याने ही घ्यावीच.

फक्त एक हिशेब आधी मांडावा. गाडीची किंमत दरवर्षी घसरते, तिच्या सुट्या भागांची घसरत नाही. एफ-30 आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत 28 लाख 90 हजारांपासून सुरू होत होती. आज तुम्ही ती तिसऱ्या हिश्श्यात घ्याल, पण हेडलाइट, शॉक अॅब्सॉर्बर, वॉटर पंप या गोष्टी त्या मूळ गाडीच्याच दराने मिळतात. मर्सिडीज चाकणला जुळते, ऑडी शेंद्र्याला जुळते. तरी बिल कमी होत नाही, कारण इथे होते ती मुख्यतः जुळणी. म्हणून विकत घेण्याच्या रकमेच्या निदान पंचवीस टक्के पैसे पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. ते वेगळे निघत नसतील तर सिटी घ्या. तीही उत्तम गाडी आहे.

आता मुद्द्याचं. अशी गाडी तीन हातांतून जाते. पहिला मालक ती शोरूममधून सर्व्हिस पॅकेजसकट घेतो. खर्च आधीच भरलेला असतो, म्हणून गाडी वेळेवर वर्कशॉपला जाते. दुसऱ्या मालकाच्या वाट्याला वॉरंटीचं शेपूट येतं आणि तोही बऱ्यापैकी सांभाळतो. तिसरा मालक ओढूनताणून, कर्ज काढून घेतो. पहिल्याच सर्व्हिसचं एस्टिमेट बघून तो हादरतो आणि पुढची सर्व्हिस लांबवतो. तेल वर्षाऐवजी दोन वर्षांनी बदललं जातं, दिवा लागला की स्कॅनर लावून तो फक्त पुसला जातो. मग गाडी बाजारात येते. चौथे तुम्ही. आरसीवरचा ‘ओनर सीरियल’ आणि सर्व्हिस रेकॉर्डमधली शेवटची तारीख शेजारी ठेवून बघा. नोंदी जिथे थांबतात तिथून गाडीची झीज सुरू झालेली असते.

ही झीज दिसत नाही, म्हणून फसगत होते. गिअरबॉक्सचंच बघा. झेडएफच्या या आठ गिअरच्या पेटीतलं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही, असं बीएमडब्ल्यूचं धोरण राहिलं आहे. पेटी बनवणारी झेडएफ कंपनी मात्र 80 हजार ते सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. मी पेटी बनवणाऱ्याचं ऐकेन. या पेटीचा फिल्टर खालच्या प्लास्टिकच्या सम्पमध्येच बसवलेला असतो. तेल बदलताना सम्पही नवा लागतो, म्हणून हे काम स्वस्त नाही आणि म्हणूनच तिसरा मालक ते करत नाही. लाखभर चाललेल्या गाडीत गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल असेल, तर तो मालक शहाणा आहे. बाकी गाडीही त्याने तशीच ठेवली असण्याची शक्यता मोठी आहे.

दुसरी गोष्ट टायमिंग चेन. एफ-30च्या आधीच्या ई-90 पिढीतल्या 320डीमध्ये एन-47 इंजिन होतं. त्याची चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे बसवलेली. ती सैल पडली तर नुसतं झाकण काढून भागत नाही, गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. चेन तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि गाडी भंगाराच्या भावात येते. अशी गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून ऐकावी. डॅशबोर्डच्या बाजूने, मागून घासल्यासारखी खरखर आली तर तिथूनच नमस्कार करावा. विकणाऱ्याने तुम्ही पोहोचायच्या आधी इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर दुसऱ्या दिवशी परत जा आणि बॉनेटला हात लावून बघा. पेट्रोलवाल्यांची सुटका नाही. 328आयमधल्या एन-20 इंजिनात चेनचे प्लास्टिकचे गाइड ठिसूळ होतात. डब्ल्यू-204 पिढीच्या सी-क्लासमधल्या एम-271 पेट्रोल इंजिनाची चेन आणि कॅमचे दाते झिजतात.

ऑडीची तऱ्हा वेगळी. बी-8 पिढीच्या ए-फोरमध्ये पुढच्या चाकांच्या गाड्यांना मल्टिट्रॉनिक गिअरबॉक्स होता. त्याचं तेल दर 60 हजारांनी बदला असं ऑडीच सांगते. ते न बदलता फिरवलेली मल्टिट्रॉनिक सिग्नलवरून निघताना थरथरते. त्याच काळातली टीएफएसआय पेट्रोल इंजिनं पिस्टनच्या रिंगांमुळे तेल पितात. मालकाला सरळ विचारा, दोन सर्व्हिसच्या मध्ये किती तेल टाकता? उत्तर ‘अजिबात नाही’ असं आलं आणि डिकीत तेलाचा डबा दिसला, तर तिथेच थांबा.

टायरकडे कुणी बघत नाही, याचा मला राग येतो. बीएमडब्ल्यूच्या बहुतेक सेदानला रन-फ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते. आपल्या खड्ड्यांत या टायरच्या बाजूला फुगे येतात. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. 3718 म्हणजे 2018 सालचा सदतिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी रबर वयाने कडक होतं. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. सात-आठ वर्षांच्या टायरवर घरच्यांना बसवून त्या वेगाने नागपूरला निघणं हा जिवाशी खेळ आहे. चार नव्या टायरचे पैसे किमतीतून वळते करून घ्या, त्यात भिडस्तपणा नको.

मीटर मागे करणं अजून चालतं. पण मीटरचा आकडा या गाड्यांत फक्त डॅशबोर्डवर नसतो. तो इतर मॉड्यूलमध्येही साठतो आणि बीएमडब्ल्यूच्या चावीतसुद्धा. म्हणून दोन्ही चाव्या मागा आणि कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्या वाचून घ्या. पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं चामडं चकचकीत आणि मीटरवर 42 हजार, हे एकत्र नांदत नाही.

पूर हा वेगळा धोका. 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली बुडाली, 2021 मध्ये चिपळूण. विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या गाड्या लिलावात जातात आणि त्यातल्या काही धुऊनपुसून परत रस्त्यावर येतात. बीएमडब्ल्यूची बॅटरी डिकीत असते आणि बरीचशी इलेक्ट्रॉनिक्स सीटखाली, गालिच्याखाली. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला मातीचा डाग दिसतो का बघा. सीटच्या रुळांवर गंज आहे का, डिकीच्या खोलगटात चिखलाची रेघ आहे का, तेही बघा. एक जरी खूण सापडली तरी गाडी कितीही स्वस्त असो, नको. पाणी शिरलेल्या गाडीची वायरिंग दोन वर्षांनीही त्रास देते.

तरुण खरेदीदारांसाठी एक. 2021 मध्ये एम-340आय आली, सहा सिलिंडर आणि चार-साडेचार सेकंदांत ताशी शंभर. ती आता जुन्या बाजारात दिसते आणि बऱ्याच जणांची नजर तिच्यावर आहे. कितीतरी हौशी मालक अशा गाडीचं सॉफ्टवेअर रीमॅप करून ताकद वाढवतात आणि विकण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात. कंपनीने दिलेली ताकद पुरेशी होती. ती ज्याने ताणली त्याच्या इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर मी माझे पैसे लावणार नाही. मूळचा सायलेन्सर काढून पुन्हा बसवल्याच्या खुणा खालून दिसतात, म्हणून गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय सौदा नको.

‘दिल्ली पासिंग’ ऐकलं की मोह होतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. 2025 मध्ये कारवाईबाबत काही सवलत मिळाली, पण तोवर तिकडच्या डिझेल सेदान पडेल भावात बाहेर निघाल्या होत्या. तिथली एनओसी, इथला फेरनोंदणीचा रस्ता कर, त्यावर एजंटचे पैसे आणि आरटीओच्या खेपा मोजल्या की स्वस्ताई विरघळते. आणि तिकडच्या वर्कशॉपमधलं रेकॉर्ड हाती लागत नाही ते नाहीच.

कागदांत आळस नको. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन गाडी नेली, नाव मात्र बदललं नाही, असे सौदे गावोगावी होतात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याची. हे विकणाऱ्यानेही लक्षात ठेवावं. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो धरून हप्ता मोजू नका.

माझी निवड विचाराल तर 2016 नंतरची, नवं बी-47 इंजिन असलेली 320डी. याच इंजिनाच्या ईजीआर कूलरमुळे 2018 मध्ये दक्षिण कोरियात गाड्या पेटल्या आणि लाखाहून जास्त परत बोलवाव्या लागल्या. म्हणून तो कूलर तपासला की बदलला, हे वर्कशॉपला विचारून घ्यायचं. किलोमीटर सव्वा लाख झाले तरी चालतील, सगळी बिलं हवीत. चाळीस हजार चाललेली आणि बिलं हरवलेली गाडी मी पुढच्या गिऱ्हाइकासाठी सोडेन.

पण हे सगळं गिऱ्हाइकानेच का शोधायचं? एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावं असा केंद्राचा नियम आहे. तो चांगला आहे, दुकानात गेल्यावर त्या पत्राचा क्रमांक जरूर विचारा. मीटरच्या आकड्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. ब्रिटनमध्ये गाडीचा नंबर टाकला की दर वार्षिक तपासणीच्या वेळी मीटरवर किती किलोमीटर होते ते कुणालाही फुकट दिसतं. आपल्या गाड्याही दरवर्षी पीयूसीसाठी जातातच. तिथे मीटरचा आकडा नोंदवायला अर्धं मिनिट पुरेल. तो ‘वाहन’ पोर्टलवर सगळ्यांना दिसू द्या, सोबत विम्याने गाडी निकालात काढली होती का तेही. परिवहन खात्याने हे याच वर्षी करावं.