अवशेषकाका

जिवंत ताऱ्यांत काकांना रस नाही. कुणी हौसेनं त्यांना गच्चीवर नेऊन व्याध दाखवला, तर ते मान वर न करताच म्हणतात, "आहे की. जळतोय अजून." म्हणजे बघण्यासारखं अजून काही घडलेलं नाही. आधी तारा फुटला पाहिजे, त्याच्या चिंधड्या हजारो वर्षं अवकाशात पसरत गेल्या पाहिजेत, त्या चमकल्या पाहिजेत, मग काका दुर्बीण बाहेर काढणार. काही माणसं कुणाच्या बारशाला फिरकत नाहीत, पण तेराव्याला पहिल्या पंगतीत असतात. काकांचं आकाशाशी नातं हे असं आहे. आमच्या सोसायटीत त्यांना अवशेषकाका म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे, आणि आवडतंही.

काळाचा त्यांचा हिशेब वेगळा. सिलिंडर कधी लावला, हे त्यांना सांगता येत नाही. पण 1054 सालच्या जुलैत चिनी ज्योतिष्यांनी वृषभ राशीत एक 'पाहुणा तारा' नोंदवला आणि तो 23 दिवस भरदिवसा दिसत होता, हे ते कालच्या क्रिकेट सामन्यासारखं सांगतात. त्याचाच अवशेष म्हणजे खेकडा तेजोमेघ. मी एकदा विचारलं, "आपल्याकडं नाही का कुणी बघितला?"

"आपल्याकडं जुलै होता," काका म्हणाले. "ढग!"

या ढगांवरचा त्यांचा राग पावणेदहा शतकं जुना आहे.

शर्मिष्ठा तारकासमूहातला अवशेष त्यांच्या लेखी अगदी ताजा, परवाचा. त्या स्फोटाचा उजेड शिवकाळात पृथ्वीवर पोचला असावा. मधे धूळ फार, त्यामुळे तो नक्की कुणी पाहिला याची खात्रीची नोंद नाही. आज मात्र सूर्यमालेबाहेरून येणाऱ्या रेडिओ लहरींत तो सगळ्यांत जोरदार स्रोतांपैकी एक आहे. "गेल्यावरच आवाज वाढला," असं काका कौतुकानं म्हणतात. काकू त्यावर काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात.

अमावास्येच्या जवळचा शनिवार आला की काका वांगणीला निघतात. बरोबर दुर्बीण, तिला तोलायची लोखंडी वजनं, बॅटऱ्या, काचेवर दव धरू नये म्हणून गुंडाळायची गरम पट्टी आणि स्वतःसाठी एक माकडटोपी. एका जानेवारीत मीही गेलो. माळावर पोचल्यावर कळलं की तिथं काकांचा आवाज बदलतो. लाल विजेरी चालते. पण कुणी मोबाइल उजळला की साप निघाल्यासारखे ओरडतात. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास एका व्हॉट्सॲपनं वाया जातो, हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं.

शेवटी मी खेकड्याला डोळा लावला. काहीच नाही.

"सरळ बघू नकोस. बाजूला बघ. तिरकं बघितलं की दिसतो."

ही युक्ती खरी आहे. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी नसतात, कडेला असतात. तिरकं बघितलं. पुसटसा, धुरकट, अंडाकृती डाग. "दिसला?" "दिसला." "6500 प्रकाशवर्षं!" मी भारावल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर चष्म्यावर बोट लागलं की असंच दिसतं. पण थंडीत चहाचा थर्मास काकांच्या ताब्यात होता.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि तेव्हा मात्र मी चहा विसरलो. त्या डागाच्या मधोमध फुटलेल्या ताऱ्याचा गाभा शिल्लक आहे. सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान, पण दाबून दाबून वीसेक किलोमीटरच्या गोळ्यात बसवलेलं, आणि तो गोळा सेकंदाला तीस वेळा गरगरतोय. त्याच्या चुंबकी क्षेत्रात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं घुमतात आणि तेच त्या ढगाला आतून उजळत ठेवतात. हंस तारकासमूहातल्या पडद्यासारख्या अवशेषाची तऱ्हा निराळी. तिथं असा दिवा नाही. हजारो वर्षांपूर्वी उडालेल्या चिंधड्या वाटेतल्या विरळ वायूवर आदळतात, त्या धक्क्यानं वायू तापतो आणि चमकतो. हायड्रोजन लाल, ऑक्सिजन निळसर हिरवा. सगळा पसारा आकाशात पूर्ण चंद्राच्या सहापट रुंद.

या पडद्यानं काकांचा संसार नासवला, असं काकू म्हणतात. कारण हंस रात्री डोक्यावर येतो नेमका आषाढ-श्रावणात. आमच्या डोंबिवलीत तेव्हा शेजारची इमारत दिसत नाही. काका गॅलरीत उभे राहून ढगांना अशी एकेक विशेषणं लावतात की खालचे लोक खिडक्या बंद करतात. मग ऑक्टोबर उजाडतो, हंस कलायला लागलेला असतो, काका धावतपळत तास-दोन तासांचे फोटो गोळा करतात आणि पुढचा महिनाभर संगणकावर ते एकमेकांवर रचत बसतात. एकदाचा पडदा तयार झाला आणि त्यांनी तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. नागपूरच्या आत्यांचं उत्तर आलं: "छान रांगोळी. कोणी काढली?"

याच आत्यांना अष्टविनायकांना नेताना काकांनी ओझर झाल्यावर, लेण्याद्रीच्या आधी, गाडी खोडदकडे वळवली होती. तिथं जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पसरल्या आहेत. साध्या दुर्बिणीला न दिसणारे फुटक्या ताऱ्यांचे बुडबुडे त्या रेडिओ लहरींत टिपतात. "आणि ढगांतूनसुद्धा!" हे सांगताना काकांचा गळा दाटून आला. आत्यांनी गाडीतूनच तबकडीला हात जोडले.

अक्षय्य तृतीयेला काकूंनी दोन तोळ्यांचा विषय काढला, तेव्हा काका म्हणाले की पुष्कळसं सोनं साध्या सुपरनोव्हात, म्हणजे तारा फुटताना, होतच नाही, न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यातल्यासारख्या दाबलेल्या गाभ्यांच्या, टकरीत होतं. अशी टक्कर 2017 साली पकडलीसुद्धा. काकू म्हणाल्या, "टकरीतलं असलं तरी चालेल."

पण काकांच्या आयुष्यातले खरे सोनेरी दिवस 2019 च्या शेवटी आले. मृगातला तांबडा काक्षी अचानक मंद व्हायला लागला. हा तारा म्हातारा आहे, फुटणार हे नक्की. फक्त उद्या की लाखभर वर्षांनी, एवढाच प्रश्न. काकांनी उद्या धरलं. रोज रात्री गच्चीवर, फोनवर खालच्या आवाजात बोलणी: "फारच उतरलाय. आज-उद्याचं सांगता येत नाही. मी कुठं गावाला जात नाहीये." हे जिन्यात ऐकू जायचं. फेब्रुवारीत तिसऱ्या मजल्यावरचे जोशी शहाळी घेऊन आले. कोण आहेत, कुठं ठेवलंय, रक्त लागणार असेल तर सांगा, म्हणाले. काकांनी त्यांना तासभर बसवून सगळं सांगितलं, त्यातलं 'म्हातारा आहे' एवढं जोशींच्या लक्षात राहिलं.

पुढं काक्षी पुन्हा उजळला. त्यानं स्वतःच सोडलेल्या धुळीचा ढग आड आला होता, असं निघालं. पुन्हा ढग! जोशींनी जिन्यात काळजीनं विचारलं, "कसे आहेत आता?"

"सावरला," काका पडेल चेहऱ्यानं म्हणाले.

त्या चेहऱ्यावरून सोसायटीनं ताडलं की प्रकरण इस्टेटीचं असावं.